बिनविरोध निवडलेलं सॉफ्टवेअर

कोपरगावातल्या आमच्या कॉलनीत यज्ञेश्वर नेवासकरांचा विषय निघाला की लोक आधी पाण्याच्या टाकीकडे बघतात. टाकीला रंग द्यायचा होता. पूर्वेकडच्या बंगलेवाल्यांना हिरवा हवा होता, पश्चिमेकडच्यांना निळा, आणि सोसायटीचे अध्यक्ष होते नेवासकर. त्यांनी घरोघरी चहा पीत तोडगा काढला. ज्या बाजूला जो राहतो, त्या बाजूने त्याचा रंग. टाकी आता अशी दिसते की मधोमध फाळणी झालीय. पण नेवासकर तिच्याखालून स्कूटर काढतात ते छाती पुढे काढूनच. "एक माणूस नाराज नाही," असं ते भेटेल त्याला सांगतात. टाकी गळते, ती गोष्ट वेगळी. गळतीबद्दल कुणाचा वाद नव्हता, त्यामुळे ती बैठकीत आलीच नाही.

माणूस वाईट नाही हो. वाईट असायला कुणाला तरी नाही म्हणावं लागतं, आणि नेवासकरांच्या तोंडून तो शब्द कुणी ऐकलेला नाही. आजोबा नेवाशाकडे भिक्षुकी करत, वडील शाळामास्तर, आणि हे इथल्या पॉलिटेक्निकमध्ये इलेक्ट्रॉनिक्स शिकवतात. लग्नाच्या वेळी आईला एक मुलगी पसंत, वडिलांना दुसरी. यज्ञेश्वर दोन्हीकडे "छान आहे" म्हणून आले होते. शेवटी मैत्रेयीबाईंनी त्यांच्या होकाराची वाट न बघता स्वतःचाच होकार कळवून टाकला, म्हणून निदान संसार तरी झाला. हॉटेलात नेलं तर अजूनही म्हणतात, "तुम्ही घ्याल ते."

आता या माणसाला एक गोष्ट मनापासून हवी होती. आयुष्यात पहिल्यांदाच. पॉलिटेक्निकमध्ये सगळ्या विभागांसाठी मिळून एक सिम्युलेशन केंद्र निघालं होतं. सिम्युलेशन म्हणजे काय, तर सर्किट प्रत्यक्ष जोडायच्या, जाळायच्या आधी संगणकात चालवून बघायचं. साखर कारखान्यातली रसाची टाकी भरून वाहायला लागायच्या आधी ती पडद्यावर भरून वाहू द्यायची, आणि व्हॉल्व्ह कधी, किती उघडायचा ते तिथेच शिकायचं. या केंद्राचे नेवासकर प्रभारी होते. नुसते प्रभारी. केंद्रप्रमुख व्हायचं होतं त्यांना. "प्रभारी म्हणजे भाड्याच्या घरात राहिल्यासारखं वाटतं गं," असं ते मैत्रेयीबाईंना म्हणाले, तेव्हा बाई भाजी निवडता निवडता थांबल्या. नवऱ्याला काहीतरी हवंय ही बातमी त्यांच्यासाठी नवीन होती.

संधी चालून आली ती अशी. केंद्रात इतकी वर्षं एक महागडं विदेशी सॉफ्टवेअर चालायचं. ते कुणी, कधी, कुठून आणलं, हे विचारायचं नाही असा अलिखित नियम होता. पुण्याहून तपासणी समिती येणार असं कळलं आणि नियम घाबरला. प्राचार्यांनी नेवासकरांना बोलावलं.

"सर, ते जुनं उद्यापासून काढा. फुकट मिळतात ना आजकाल, रीतसर फुकट, त्यातलं निवडा. पण एक लक्षात ठेवा. निवड बिनविरोध झाली पाहिजे. संस्थेत आधीच कारखान्याच्या निवडणुकीची धग आहे. तुम्ही हे नीट पार पाडलं, तर समिती गेल्यावर तुमच्या नावापुढचं प्रभारी आपण काढून टाकू."

आता इथे थांबून एक गोष्ट कबूल केली पाहिजे, नाहीतर आपण नुसतेच त्यांच्यावर हसलो असं होईल. नेवासकरांना विषय कळतो. चांगला कळतो. त्यांनी सुट्टीच्या दिवशी रिकाम्या लॅबमध्ये बसून इंटरनेटवरून मोफत मिळणारी सॉफ्टवेअरं उतरवून घेतली आणि प्रत्येकाची दोन गोष्टींवर परीक्षा घेतली. एक, डायोडचा साधा रेक्टिफायर, म्हणजे एसीचं डीसी करणारं सर्किट. दुसरी, कारखान्यातल्या रसाच्या टाकीची पातळी. एनजीस्पाईस नावाचं एवढंसं सॉफ्टवेअर, त्यात रेक्टिफायर घातला तर लाटा अशा नेमक्या उमटल्या की सर एकटेच "वा!" म्हणाले. सायलॅबमध्ये टाकी ठोकळे जोडून मांडली, तर पातळी आधी उसळली, मग डुलली, मग शहाण्यासारखी ठरल्या जागी थांबली. ओपनमॉडेलिका म्हणून एक होतं, त्यात दोन्ही जमत होतं, भलं ताकदवान, पण केंद्रातल्या म्हाताऱ्या संगणकांना ते उघडताना धाप लागत होती, आणि पहिल्या वर्षाच्या पोरांना ते डोईजड झालं असतं. त्या दिवशी घरी आले ते गुणगुणत.

"ठरलं," जेवताना म्हणाले. "सर्किटला एनजीस्पाईस, टाक्याबिक्यांना सायलॅब. दोन्ही हलकी, दोन्ही फुकट, आपल्या मशीनवर सुखानं राहतील."

"मग उद्या सांगून टाका," मैत्रेयीबाई म्हणाल्या.

"उद्या चर्चा ठेवलीय."

बाईंनी कपाळाला हात लावला नाही, पण पोळी जरा जोरात वाढली.

चर्चेला दोन माणसं महत्त्वाची. पहिले ज्ञानेश्वर होन, मेकॅनिकलचे. कारखान्याच्या एका संचालकांचे साडू, त्यामुळे कॉलेजात ते खुर्चीवर बसत नाहीत, खुर्ची त्यांच्याखाली येते. दुसऱ्या लीना मॅडम, इलेक्ट्रिकलच्या. पीएचडी चालू आहे, कधीपासून चालू आहे ते विचारलं की चष्मा काढून पुसतात. होन सर जे म्हणतील त्याच्या विरुद्ध मत असणं हा त्यांचा विभागीय धर्म.

नेवासकर आधी होन सरांकडे गेले. होन सर लॅबबाहेरच्या कट्ट्यावर ऊस खात बसले होते.

"सर, हे बघा, हे एनजीस्पाईस..."

"किती जीबीचं हाय?"

"जीबीचं नाही, काही एमबीच आहे. छोटंसं आहे, पण..."

होन सरांनी चोथा थुंकला. "सर, आमच्या इभागाला चिमूटभर? इलेक्ट्रिकलवाल्यांचं केवढं हाय?"

"तसं वाटलेलं नाही, दोन्ही सगळ्यांसाठीच आहेत. सायलॅब थोडं मोठं आहे..."

"बगा! म्हंजी बाईला थोरलं आन आमाला धाकलं. सगळ्यात लई मोठं कोनतं हाय?"

आता दुसरा कुणी माणूस इथे म्हणाला असता की बाबा, सॉफ्टवेअर म्हणजे ट्रॉलीतला ऊस नव्हे, वजनकाट्यावर घालायला. नेवासकर म्हणाले, "सगळ्यात मोठं ओपनमॉडेलिका आहे. पण आपल्या मशीनवर..."

"तेच टाका. मेकॅनिकल हाय आपलं. आन सर, फुकटचं हाय म्हंता, त्यात काय खोट न्हाई ना? फुकट मिळतंय म्हंजी कायतरी खोट असतीच."

"नाही नाही, जगभर वापरतात."

"मंग आमी वापरू. त्यांला सांगा."

"त्यांला" म्हणजे जगाला. नेवासकरांनी मान डोलावली.

मग लीना मॅडम. त्यांच्या केबिनमध्ये कॉफी मिळते, ती पिताना नेवासकरांनी आपली निवड अर्धी सांगितली आणि उरलेली अर्धी कॉफीबरोबर गिळली, कारण मॅडमनी मध्येच विचारलं, "होन सरांनी काय मागितलंय?"

"ओपनमॉडेलिका."

"मग ते नाही. माझे गाईड सायलॅब वापरतात. तेच पाहिजे. आणि सर, एक सांगते, आमचं प्रॅक्टिकल चालू असताना त्यांचं ते मशीनवर दिसायला नको. एकदा विद्यार्थ्यांना सवय लागली की ती पोरं तिकडे पळतात."

"पण मॅडम, सर्किटसाठी एनजीस्पाईस..."

"ते कुणी मागितलंय?"

कुणीच मागितलं नव्हतं. तेच त्या बिचाऱ्या सॉफ्टवेअरचं दुर्दैव. त्याच्यामागे ना साडू, ना गाईड. मागे उभं राहायला एकच माणूस होता, आणि त्या माणसाला कुणाच्याही मागे उभं राहायची सवय नव्हती. तो कायम मध्ये उभा असायचा. त्याच क्षणी, कॉफीचा कप खाली ठेवताना, नेवासकरांनी मनातल्या मनात एनजीस्पाईसला निरोप दिला. इलेक्ट्रॉनिक्स शिकवणाऱ्या माणसानं सर्किटचं सॉफ्टवेअर सोडून दिलं. कुंभारानं चाक सोडून दिलं असतं तर गावानं विचारलं असतं. इथे कुणी विचारलं नाही.

राहिली दोन. आणि या दोन्हींतून एक निवडायचं म्हणजे कुणाला तरी नाही म्हणायचं. नेवासकर आठवडाभर झोपेत कूस बदलत राहिले. मग एका सकाळी दात घासता घासता त्यांना प्रकाश पडला. आपल्या जिल्ह्यात हा प्रश्न नवीन आहे काय? कारखाना असो, सोसायटी असो, बाजार समिती असो, दोन गट तुल्यबळ झाले की काय करतात? मुदत वाटून घेतात. अर्धी मुदत तुमचा चेअरमन, अर्धी आमचा. पहिला राजीनामा देतो, दुसरा हार घालून घेतो, पेढे दोन्ही वेळा वाटतात.

"अगं, सुटलं!" फेस तोंडात ठेवूनच ते ओरडले. "अर्धं सत्र ओपनमॉडेलिका, अर्धं सत्र सायलॅब!"

मैत्रेयीबाई शाळेत शिकवायला निघाल्या होत्या. पर्स खांद्याला अडकवून थांबल्या. "अहो, एकात केलेलं काम दुसऱ्यात उघडतं का?"

"तसंच्या तसं नाही उघडत."

"मग अर्ध्या सत्रात पोरांनी केलेलं?"

"ते... ते जर्नलमध्ये असेल ना लिहिलेलं."

"आणि तुम्हाला जे बरोबर वाटलं होतं ते?"

नेवासकरांनी चूळ भरली. ती अंमळ लांबली. बाई निघून गेल्या.

बैठक झाली. प्राचार्य अध्यक्षस्थानी. होन सर म्हणाले, पहिली टर्म आमची, नायतर आमी न्हाई. लीना मॅडम म्हणाल्या, चालेल, पण शेवटची टर्म आमची, कारण समिती शेवटी येते. होन सरांना हे उशिरा कळलं, तोवर टाळ्या वाजल्या होत्या. ठराव बिनविरोध. प्राचार्यांनी नेवासकरांच्या पाठीवर हात ठेवला आणि तो हात त्यांना घरापर्यंत जाणवत राहिला.

पहिल्या अर्ध्या सत्रात पोरांनी ओपनमॉडेलिकात रसाची टाकी मांडली. मशीनं रडत होती, पण मांडली. सॉफ्टवेअर उघडेपर्यंत पोरं खाली जाऊन वडापाव खाऊन येत. रेक्टिफायरही त्यातच बसवला, बसला. मग मुदत संपली. होन सरांनी मुदतीचा मान राखून आपलं सॉफ्टवेअर काढायला परवानगी दिली, आणि निरोप समारंभ झाला म्हणून सांगितलं तर खोटं वाटेल, पण झाला. छोटाच. शिपायानं सगळ्यांना पेढा दिला. लीना मॅडमच्या अटीप्रमाणे ओपनमॉडेलिका एकेका मशीनवरून पुसलं गेलं, पोरांच्या टाक्यांसकट. सायलॅब बसलं. पुन्हा पेढा.

आणि नव्यानं काही उभं राहायच्या आतच समिती आली, ठरल्यापेक्षा लवकर. समित्यांना मुदत वाटून देता येत नाही.

समितीत एक बाई होत्या, पुण्याच्या, पांढरे केस, साधी सुती साडी. त्या फायली बघत नव्हत्या, हेच पहिलं अशुभ. त्या थेट संगणकाशी गेल्या. तिथे राजनंदिनी नावाची शेवटच्या वर्षाची मुलगी बसली होती.

"टाकीच्या पातळीचं मॉडेल दाखव बेटा. आणि एखादा रेक्टिफायर."

राजनंदिनीनं माऊस हातात घेतला आणि परत खाली ठेवला. "मॅडम, ते मागच्या बॉडीच्या काळात केलं होतं."

"कुणाच्या?"

"म्हणजे मागच्या सॉफ्टवेअरमध्ये. ते आता पदावर नाहीये."

मागे उभ्या असलेल्या प्राचार्यांना खोकला आला. होन सर समाधानानं छताकडे बघायला लागले, कारण पोरीनं त्यांच्या कारकिर्दीचा उल्लेख केला होता. लीना मॅडम चष्मा पुसत होत्या.

बाई वळल्या. "निवड कुणी केली?"

"सर्वानुमते," नेवासकर म्हणाले.

"सर्वानुमते स्वयंपाक होत नाही, सर. सर्किटसाठी काय वापरता?"

"सध्या... सर्किटसाठी स्वतंत्र असं..."

"काही नाही."

"काही नाही."

बाईंनी खुर्ची ओढली आणि बसल्या. आवाज खाली आणला. रागावल्या असत्या तर नेवासकर सुटले असते, रागावलेल्या माणसाची समजूत घालणं हा त्यांचा हातखंडा. पण त्या नुसतं कुतूहल असल्यासारख्या विचारत होत्या.

"हे बघा, आम्ही इथं कुणाला लटकवायला आलेलो नाही. मोफत साधनं निवडलीत हे चांगलंच केलं. पण दोन्ही तुम्ही चालवून बघितली असतील. तुम्ही इलेक्ट्रॉनिक्सचे आहात. केंद्राला कायमचा प्रमुख नेमायला आम्ही शिफारस करणार आहोत, म्हणून विचारते. बाकीच्यांचं सोडा. तुमच्या मते या मुलांसाठी काय योग्य?"

नेवासकरांच्या डोळ्यांपुढे ती सुट्टीची दुपार उभी राहिली. रिकामी लॅब, पडद्यावरच्या त्या लाटा, आपण एकट्यानं म्हटलेलं वा. उत्तर जिभेवर होतं. दोन नावं आणि दोन कारणं, एवढंच बोलायचं होतं, पाचवीतल्या पोरानं पाढा म्हणावा इतकं सोपं. त्यांनी होन सरांकडे बघितलं. होन सर आता छताकडे बघत नव्हते. त्यांनी लीना मॅडमकडे बघितलं. चष्मा डोळ्यांवर आला होता. त्यांनी प्राचार्यांकडे बघितलं, आणि प्राचार्यांनी, नेवासकरांनी नेहमी करतात तेच करावं, अशा अर्थानं हलकेच हसून दाखवलं.

"तशी सगळीच," नेवासकर म्हणाले, "आपापल्या जागी चांगली आहेत, मॅडम."

बाईंनी खुर्ची मागे सरकवली. मग उठल्या. "ते मला घरबसल्याही कळलं असतं," म्हणाल्या, आणि राजनंदिनीकडे वळून तिला सायलॅबमध्ये टाकी कशी मांडायची ते स्वतःच दाखवत बसल्या. चहा गार झाला तरी उठल्या नाहीत. पातळी उसळली, डुलली, थांबली. पोरीच्या तोंडून जे "वा!" निघालं, ते ऐकून नेवासकर व्हरांड्यात जाऊन उभे राहिले.

समिती गेली. शिफारस आली की केंद्राला कायमचा प्रमुख हवा, निर्णय घेऊ शकणारा. ही ओळ प्राचार्यांनी वाचली आणि त्यांनी नेवासकरांना पुन्हा बोलावलं. नेवासकर इस्त्रीचा शर्ट घालून गेले. आशा अशी असते बघा.

"सर, तुमच्यासारखा माणूस संस्थेत दुसरा नाही," प्राचार्य म्हणाले. "तुमच्यामुळे एकाही माणसाचं मन दुखलं नाही. म्हणूनच तुम्हाला सांगतो. प्रमुखपदावर होन सरांनी दावा केलाय, वरून फोन आहे. लीना मॅडमनीही केलाय. भांडण पेटेल. तुम्ही मध्ये पडलात तर बिनविरोध होईल."

"माझंही..." नेवासकर म्हणाले.

"तुमचं काय?"

झाडावरून पान गळावं तसा तो शब्द तिथेच गळून पडला. "नाही, म्हणजे, माझंही तेच मत आहे. बिनविरोध व्हावं."

"झालं तर मग! मांडा ठराव. पहिलं वर्ष होन, दुसरं वर्ष मॅडम. सूचक तुम्ही."

ठराव झाला. टाळ्या झाल्या. होन सरांनी नेवासकरांना मिठी मारली आणि "सर, तुमी हाय म्हनून हे घडलं" असं इतक्या मनापासून म्हणाले की खोटं म्हणता येईना. लीना मॅडमनी पेढ्याचा बॉक्स पुढे केला. नेवासकरांनी एक घेतला. मॅडमनी आग्रह केला, म्हणून दुसराही.

घरी मैत्रेयीबाई वह्या तपासत बसल्या होत्या. लाल पेन हातातच.

"झालं का?"

"झालं. बिनविरोध."

"कोण?"

नेवासकरांनी चपला कोपऱ्यात नीट लावून ठेवल्या. मग सांगितलं. पहिलं वर्ष, दुसरं वर्ष, सगळं. आवाजात थोडा अभिमानही होता, तो त्यांना स्वतःला ऐकू आला असावा, कारण शेवटी शेवटी बारीक झाला.

"आणि तुम्ही सूचक."

"हो."

बाईंनी पेनाला टोपण लावलं. "अनुमोदक कुणी?"

"कुणी पुढे येईना. तेही मीच म्हणणार होतो, पण तसं नियमात बसत नाही म्हणे. शेवटी प्राचार्यांनीच अनुमोदन दिलं."

"आणि आभारप्रदर्शन?"

नेवासकर खिडकीजवळ जाऊन उभे राहिले. बाहेर उसाच्या रिकाम्या ट्रॉल्या कारखान्याकडून खडखडत परत चालल्या होत्या.

"ते चांगलं झालं," ते म्हणाले. "सगळे म्हणाले, चांगलं झालं."